बैलाच्या कातड्याएवढी जागा

एका बैलाच्या कातड्यात किती जमीन बसते? हिशेब करून पाहू. चांगल्या मोठ्या बैलाचं कातडं साधारण चार चौरस मीटर भरतं. ते कडेपासून आत गोल गोल, कुठेही न तोडता, एक मिलिमीटर रुंदीनं कापत गेलं तर चार किलोमीटरची वादी निघते. ती वादी जमिनीवर गोल मांडली तर आत ३१४ एकर येतात. एक बाजू समुद्राला टेकवून नुसता अर्धगोल केला तर दुप्पट, जवळजवळ ६३० एकर.

टायरहून परागंदा झालेल्या डायडो राणीनं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेमकं हेच केलं, अशी कथा आहे. स्थानिक राजानं तिला चेष्टेनं म्हटलं, बैलाच्या कातड्यात मावेल तेवढी जागा घे. तिनं सुरी मागवली. त्या वादीत आलेली टेकडी म्हणजे बिरसा, आणि तिच्याभोवती वाढलेलं शहर म्हणजे कार्थेज. आजच्या ट्यूनिस शहराला लागून. परंपरेनं दिलेलं स्थापनेचं साल इ.स.पू. ८१४. ‘बिरसा’ म्हणजे ग्रीकमध्ये कातडं. किल्ल्यासाठीचा मूळ फिनिशियन शब्द कानाला तसा लागला आणि ग्रीकांनी त्यावर ही गोष्ट रचली असावी. पण गणितवाल्यांनी ती जपली. दिलेल्या लांबीच्या दोरीत जास्तीत जास्त जागा कशी घेरायची, या प्रश्नाला ते अजूनही डायडोचा प्रश्न म्हणतात.

या शहराच्या गोष्टीत बैल पुन्हा दोनदा यायचा आहे. आधी शहर मोडू.

रोमनांनी कार्थेजला इ.स.पू. १४९ ते १४६ असा जो वेढा घातला, त्याचे आकडे आपल्याला मुख्यतः अ‍ॅपियन या इतिहासकाराकडून मिळतात, आणि ते ऐकून डोळे विस्फारतात. लढाई टळेल या आशेनं कार्थेजनं आधी ३०० मुलं ओलीस दिली. मग दोन लाख सैनिकांची शस्त्रं-चिलखतं आणि २,००० दगडफेकी यंत्रं रोमन छावणीत आणून ओतली. यावर रोमनांनी सांगितलं, आता शहर सोडा आणि समुद्रापासून दहा मैल आत जाऊन राहा. व्यापारावर जगणाऱ्या बंदराला हे सांगणं म्हणजे गळा दाबणंच. शहर उसळलं. देवळांचे कारखाने झाले. रोज १०० ढाली, ३०० तलवारी, यंत्रांसाठी १,००० बाण आणि ५०० भाले तयार होऊ लागले. यंत्रांना ताणाचे दोर हवेत म्हणून बायकांनी केस कापून दिले.

आता हे आकडे एकमेकांशेजारी मांडून बघा. रोज १०० ढालींनी दोन लाखांची भरपाई करायला २,००० दिवस लागतात, म्हणजे साडेपाच वर्षं. वेढा टिकला जेमतेम तीन. अ‍ॅपियन हे गणित करत नाही, पण शहराची हार त्यात आधीच लिहिलेली आहे.

शेवटी रोमन सेनापती सिपिओ एमिलियानसचं सैन्य बंदराकडून आत शिरलं आणि बिरसा टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यांवर सहामजली घराघरातून लढत वर गेलं. टेकडीवरून ५०,००० माणसं शरण आली. ती गुलाम म्हणून विकली गेली. रोमन सैन्यातून फुटलेल्या ९०० जणांना माफी नव्हती. ते वरच्या देवळात स्वतःच लावलेल्या आगीत गेले. शहर १७ दिवस जळत होतं. स्ट्रेबो म्हणतो, लोकसंख्या सात लाख होती. हा आकडा आजचे अभ्यासक मान्य करत नाहीत आणि मलाही तो फुगवलेला वाटतो. जुन्या इतिहासकारांचे माणसांचे आकडे हे असेच, लग्नाच्या पंगतीला किती पानं उठली त्यासारखे: सांगणाऱ्यागणिक वाढणारे.

आणि मीठ? शहर पाडून रोमनांनी जमिनीत मीठ पेरलं, ही सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट एकाही प्राचीन लेखकानं लिहिलेली नाही. ती पुष्कळ नंतर कुणीतरी चिकटवली. व्यवहारानंही ती पटत नाही. ही जमीन रोमची सरकारी जमीन झाली, तिच्यातून खंड यायचा होता. खंडाच्या जमिनीत मीठ कोण पेरील?

नांगर मात्र फिरला, असं रोमन कायदा म्हणतो. तिसऱ्या शतकातला कायदेपंडित मोडेस्टिनस एका किरकोळ प्रश्नाचं उत्तर देताना हे सहज बोलून जातो. प्रश्न असा: एखाद्या शहराच्या नावे जमिनीच्या उपभोगाचा हक्क लिहून दिला असेल तर तो कधी संपतो? माणसाचा हक्क माणूस मेला की संपतो. शहर कधी मरतं? त्याच्यावर नांगर फिरला की, जसं कार्थेजचं झालं.

मराठी वाचकाला इथे मुरार जगदेव आठवेलच. १६३० च्या सुमारास या आदिलशाही सरदारानं पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, आणि पुढे जिजाऊंनी त्याच मातीत सोन्याचा नांगर धरून वस्ती पुन्हा सुरू केली, ही आपल्याकडची परंपरा. दोन्हीकडे मोडायलाही नांगर आणि मांडायलाही नांगरच. रोमन रीत अशी: गाव वसवणारा डोक्यावरून पदरासारखं वस्त्र ओढून घेई. नांगराला काशाचा फाळ. जुवाला बाहेरच्या बाजूनं बैल आणि आतल्या बाजूनं गाय. भावी गावाभोवती एक तास काढायचं, ढेकळं आतल्या अंगाला पडतील असं. जिथे वेस यायची तिथे नांगर उचलून पुढे न्यायचा. त्या उचलण्यावरूनच दाराला ‘पोर्ता’ म्हणतात, अशी त्यांची व्युत्पत्ती.

कार्थेजवर हा दुसरा, मांडायचा नांगर पहिल्यांदा धरला गेला तो पाडावानंतर फक्त २४ वर्षांनी, इ.स.पू. १२२ मध्ये. गायस ग्राकस या लोकपक्षी पुढाऱ्यानं भूमिहीनांसाठी इथे वसाहत काढली आणि तिला जुनो देवीचं नाव दिलं, युनोनिया. वसाहतदार ६,०००. जाहीर झालेला मोठा वाटा माणशी २०० युगेरा.

युगेरम म्हणजे काय? बैलांची एक जोडी एका दिवसात नांगरील तेवढी जमीन. शब्द आला ‘युगुम’पासून, म्हणजे जू. हे ‘युगुम’ आणि संस्कृतातलं ‘युग’ एकाच मुळाचे, आणि त्या युगातूनच आपलं ‘जू’ निघालं. म्हणजे रोमच्या मोजणीदाराचं एकक आणि आपल्या शेतकऱ्याच्या खांद्याशी असलेलं लाकूड ही सख्खी चुलत भावंडं. मापात ते २४० रोमन फूट लांब आणि १२० फूट रुंद. रोमन फूट २९.६ सेंटिमीटरचा. गुणाकार केला की २,५२३ चौरस मीटर येतात. गुंठ्यांत २५, अगदी काटेकोर सांगायचं तर किंचित कमी. हे मला फार आवडलं. सातबारा हाताळणाऱ्या कुणालाही रोमन जमीन लगेच वाचता येईल: एक युगेरम पंचवीस गुंठे, दोन म्हणजे सव्वा एकर, दोनशे म्हणजे सव्वाशे एकर.

आता सव्वाशे एकर गुणिले सहा हजार. सगळ्यांना पूर्ण वाटा मिळाला असं धरलं तर साडेसात लाख एकर होतात, म्हणजे ३,००० चौरस किलोमीटर. ही जमीन मोजायची कशानं? ग्रोमा नावाच्या उपकरणानं. एक काठी, तिच्या डोक्यावर आडवी फुली, फुलीच्या चारही टोकांना गवंडी वापरतो तसले ओळंबे. समोरासमोरच्या दोन ओळंब्यांच्या दोऱ्या एकमेकींआड गेल्या की नजर सरळ. आडवी रेघ मारा, काटकोनात उभी मारा. दर २,४०० फुटांवर, म्हणजे ७१० मीटरवर, पुन्हा तेच. असा जो चौकोन पडतो ती ‘केंतुरिया’, शंभरी. तीत बरोबर २०० युगेरा. असे सहा हजार चौकोन आखायचे तर शेजारच्या सामायिक रेघा एकदाच धरूनही साडेआठ हजार किलोमीटर लांबीचे बांध होतात. सगळे ओळंब्याच्या दोरीनं, उन्हात, एक डोळा मिटून.

ग्राकस स्वतः तिथे होता ७० दिवस, असं प्लुटार्क सांगतो. मग अपशकुन सुरू झाले. निशाणाचा वाऱ्यानं चुराडा झाला, यज्ञाचं मांस वेदीवरून उडालं आणि लांडग्यांनी हद्दीच्या खुणा उपटून नेल्या. शापित जमिनीवर देवांचा कोप झाला, असं रोममधले विरोधक म्हणू लागले. लांडग्यांना खुंट्या उपटून काय मिळणार, हे कुणी विचारलं नाही. वसाहतीचा कायदा रद्द करायची बैठक दंगलीत संपली. इ.स.पू. १२१ मध्ये ग्राकस मेला, त्याचे ३,००० अनुयायी मारले गेले. त्याच्या डोक्याच्या वजनाइतकं सोनं जाहीर झालं होतं. ते डोकं आणून देणाऱ्यानं आतला मेंदू काढून त्यात शिसं ओतलं होतं. काटा १७ पौंड आणि वर दोन तृतीयांशावर गेला, म्हणजे पावणेसहा किलो. प्लुटार्कनं वजनाचा अपूर्णांकही सोडलेला नाही.

वसाहत कागदावरून गेली. वाटे मात्र गेले नाहीत. दहा वर्षांनंतरच्या, इ.स.पू. १११ च्या जमीन कायद्याचे काशाच्या पत्र्यावर कोरलेले तुकडे हाती आले आहेत, आणि त्यांत आफ्रिकेतल्या या वाटेकऱ्यांच्या २०० युगेरांचा उल्लेख आहे. राजकारणाला नको झालेलं गाव दप्तरात जिवंत राहिलं.

पुढची पाऊणशे वर्षं शहर म्हणून तिथे काही नव्हतं. रोमहून पळून आलेला सेनापती मारिअस ओसाड कार्थेजात बसून राहिला होता, एवढाच प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला. मग सीझरला स्वप्न पडलं. एक सबंध सैन्य रडताना दिसलं, आणि जाग आल्यावर त्यानं टिपणवहीत लिहिलं, कार्थेजात वसाहत करायची. ही अ‍ॅपियनची गोष्ट. माझ्या मते स्वप्नापेक्षा यादी खरी होती. सुएटोनियस सांगतो की सीझरनं ८०,००० नागरिक समुद्रापलीकडच्या वसाहतींत पाठवले. कार्थेजबरोबर त्याच वर्षी पाडलेलं ग्रीसमधलं कॉरिंथही त्याच्याच यादीत होतं. तिथे गेलेल्या वसाहतदारांनी जुनी थडगी उकरून त्यातली काशाची भांडी आणि मातीच्या वस्तू रोममध्ये विकल्या. काही काळ त्यांची तिथे फॅशनच होती.

सीझर इ.स.पू. ४४ मध्ये मारला गेला. काम तडीस नेलं त्याच्या वारसानं, ज्याला पुढे ऑगस्टस म्हणू लागले. इ.स.पू. २९ मध्ये त्यानं ३,००० माणसं पाठवली आणि बाकीची आसपासच्या मुलखातून जमवली. तीन हजार म्हणजे फार नव्हे. पण हा कोणत्या प्रवाहातला घोट होता ते पाहा. ऑगस्टसनं आपल्या कारकिर्दीचा हिशेब स्वतः लिहून ठेवला आहे. आपल्या शपथेखाली सुमारे पाच लाख शिपाई होते, त्यांतल्या तीन लाखांहून जास्तांना वसाहतींत जमिनी दिल्या किंवा गावी परत पाठवलं, असं तो म्हणतो. इटलीतल्या जमिनीचे ६० कोटी सेस्टर्स मोजले, प्रांतांतल्या जमिनीचे २६ कोटी. त्याच २९ सालात वसाहतींतल्या १,२०,००० माजी शिपायांना माणशी हजार सेस्टर्स वाटले. बारा कोटी, एका झटक्यात. यादवी युद्ध संपलं की रिकाम्या हातांची माणसं उरतात, आणि ती गावाला राहिली तर पुन्हा युद्ध होतं. ओसाड शहरांना तेव्हा मागणी होती, ती त्यांच्या वैभवासाठी नव्हे.

नव्या शहराच्या नावात ‘कोन्कॉर्दिया’ आलं, सलोखा. रोम आणि कार्थेज यांच्या महापौरांनी रीतसर तह केला तो १९८५ मध्ये, पाडावानंतर २,१३० वर्षांनी.

राहता राहिला शाप. सिपिओच्या वेळी ही जागा देवांच्या हवाली झाली होती, बिरसावर कुणी वसेल त्याला शाप होता. अ‍ॅपियन सांगतो, ऑगस्टसनं तो पाळला. जुनी जागा टाळून शेजारी शहर बांधलं. वाचायला बरं वाटतं. कुदळीनं वेगळंच सांगितलं. नव्या शहराचे दोन मुख्य रस्ते, दक्षिणोत्तर कार्दो आणि पूर्वपश्चिम देकुमानस, एकमेकांना काटतात ते बरोबर बिरसाच्या माथ्यावर. मोजणीदारानं ग्रोमाची काठी रोवली ती शापाच्या छाताडावर.

शहरातल्या गाळ्यांचं माप १२० बाय ४८० रोमन फूट, म्हणजे पुन्हा दोन युगेरा, पन्नास गुंठे. रोम्युलसनं प्रत्येक रोमन माणसाला दिलेला वाटा दोन युगेरांचा होता, अशी त्यांची समजूत. शंभर वाट्यांची शंभरी, तीच शेतातली केंतुरिया. तोच वाटा इथे रस्त्यांच्या मधला ठोकळा होऊन बसला. शेत आणि शहर एकाच बैलाच्या मापात.

पण टेकडीचा माथा टोकदार होता, आणि रोमनांना सभाचौक हवा होता सपाट. त्यांनी माथा तासला. उत्खनन करणाऱ्यांच्या हिशेबानं लाख घनमीटरहून जास्त माती आणि राडारोडा हलला. आपल्या ठेकेदाराच्या भाषेत पस्तीस हजार ब्रास. चार ब्रासच्या डंपरनं न्यायचं तर पावणेनऊ हजार खेपा. डंपर नव्हते, म्हणून घमेल्यात मोजू. एका घमेल्यात पंधरा लिटर माती धरली तर छासष्ट लाख घमेली. ती लांब नेऊन टाकायची गरज नव्हती. माथ्यावरची माती उतारावर लोटायची, तिला धरायला खालून दगडी भिंती आणि खांब उभारायचे, म्हणजे माथा जेवढा खाली येतो तेवढाच कडेला रुंद होतो. लोटलेल्या मातीखाली काय होतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

पुढची भरभराट मी थोडक्यात उरकतो, कारण ती सगळ्या मोठ्या रोमन शहरांची एकसारखीच असते: सर्कस, रंगभूमी, समुद्राकाठची अवाढव्य स्नानगृहं. पाण्याचा आकडा मात्र सोडवत नाही. दुसऱ्या शतकात झगुआन डोंगरातल्या झऱ्यापासून शहरापर्यंत कालवा आला. फाटे धरून लांबी १३२ किलोमीटर. रोज तीन कोटी लिटरच्या आसपास पाणी येत असे, असा अंदाज आहे. दहा हजार लिटरचे तीन हजार टँकर, रोज, डिझेलशिवाय, नुसत्या उतारानं.

आणि गहू. जोसेफस लिहितो की रोमला वर्षातले आठ महिने आफ्रिका पोसते, चार महिने इजिप्त. ऑगस्टसच्या उतारवयात फुकट धान्य घेणारे दोन लाख रोमकर होते, दरमहा माणशी पाच मोदियस, म्हणजे तेहेतीस-चौतीस किलो. नुसत्या त्यांच्याच आठ महिन्यांच्या धान्याचे पन्नास हजारांवर टन होतात. थोरला प्लिनी आणखी एक आकडा देतो. दक्षिणेकडच्या बिझाकिअम पट्ट्यातून तिथल्या अधिकाऱ्यानं ऑगस्टसला गव्हाचं एक रोप पाठवलं. एका दाण्यातून फुटलेले जवळजवळ चारशे फुटवे. पुढे नीरो बादशहाला पाठवलेल्या रोपात ३६० काड्या होत्या. हाच प्लिनी म्हणतो की नीरोच्या वेळी निम्मी आफ्रिका सहा जमीनदारांची होती, आणि नीरोनं सहाही जणांना मारलं. सव्वाशे एकराच्या सहा हजार वाट्यांपासून इथवर यायला दोनशे वर्षंही लागली नाहीत.

तिसऱ्या शतकातला हेरोडिअन लिहितो, रोमखालोखाल दुसरं मोठं शहर कोणतं यात कार्थेज आणि अलेक्झांड्रिया यांची चुरस आहे. ४३९ मध्ये व्हँडलांनी ते घेतलं, ६९८ मध्ये अरबांनी. मग शेजारी ट्यूनिस वाढलं आणि त्याला लागणारे दगड इथून उचलले गेले.

त्यानंतर हजारभर वर्षांनी ख्रिस्तियान फाल्बे नावाचा डॅनिश आरमारी अधिकारी वाणिज्यदूत म्हणून ट्यूनिसला आला. त्याला कार्थेजचा नीट नकाशा करायचा होता. तो १८३३ मध्ये छापला गेला. मोजताना त्याच्या लक्षात आलं की शेतांमधल्या पायवाटा आणि बांध एकमेकांना काटकोनात कापतात, आणि दोन बांधांमधलं अंतर पुन्हा पुन्हा तेच निघतं, सातशे मीटरवर काही. रोमन शंभरी जमिनीत कायम आहे, हे ओळखणारा तो पहिला. माणसं बदलली, भाषा बदलली, धर्म बदलला. शेतकरी बांधावरूनच जात-येत राहिला, म्हणून बांध राहिला. पुढे विमानातून काढलेल्या छायाचित्रांत ही जाळी मैलोन्‌मैल दिसू लागली. सात लाख लोकसंख्या खरी की खोटी यावर वाद घालता येतो. सातशे दहा मीटरवर पट्टी ठेवता येते.

१९७० च्या दशकात फ्रेंच पथकानं बिरसाच्या दक्षिण उतारावर खणायला घेतलं. रोमन भराव उपसत गेल्यावर खाली एक सबंध वस्ती लागली, शेवटच्या कार्थेजची, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या नावानं ती आता ओळखली जाते. काटकोनी रस्ते, लहान घरं, घराघरात जमिनीखाली पावसाच्या पाण्याची टाकी. आगीची राख तशीच. बाकी कार्थेज दगडादगडानं गेलं, कारण ते उघड्यावर होतं आणि दगड विकला जातो. हा तुकडा राहिला, कारण त्याच्यावर छासष्ट लाख घमेली माती पडली होती. आज तिथे गेलं तर भराव पेलायला उभे केलेले रोमन खांब त्या घरांमधूनच वर चढलेले दिसतात, एखादा तर खोलीच्या मधोमध, भिंत फोडून, आणि त्याच्या पायथ्याशी टाकीचं तोंड.